बोगनवेल भरभरून फुलवायची कशी: ऊन, पाणी, छाटणी आणि बाकी सगळं

बोगनवेल लावलेल्या बहुतेक लोकांची तक्रार एकच असते, झाड मस्त हिरवंगार आहे, वाढतंय पण जोरात, फुलं मात्र नाहीत. मग विचारलं की पाणी रोज घालता का, तर हो रोज, खत घालता का, तर हो दर पंधरा दिवसांनी, कुंडी ठेवलीय कुठे, तर भिंतीच्या कडेला, दुपारनंतर सावली येते तिथे. उत्तर इथेच मिळालं. ही वेल फुलायची थांबते ती लाड जास्त झाले म्हणून आणि ऊन कमी पडलं म्हणून, आणि एवढं एकदा डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

आधी हे झाड नेमकं काय आहे ते बघू, कारण त्यावरच बाकीचं ठरतं. आपण वेल म्हणतो, पण हे लांब लांब फांद्या टाकणारं काटेरी झुडूप आहे. काकडी किंवा द्राक्षाच्या वेलीला असतात तसे तणावे हिला नसतात, भिंतीला चिकटून बसणारी मुळंही नसतात. ही चढते ती काट्यांच्या जोरावर, म्हणजे लांब फांदी शेजारच्या झाडावर जाऊन पडते, वाकडा काटा तिथे अडकतो, फांदीला टेका मिळतो आणि ती अजून पुढे जाते. त्यामुळे नुसती भिंतीशेजारी लावली आणि वाट बघत बसलं तर ती भिंतीवर चढणार नाही, बांधावीच लागते. जातीनुसार १ मीटरच्या झुडपापासून १२ मीटरपर्यंत जाते, तेव्हा जागा बघूनच जात निवडा.

आणि ज्याला आपण फूल म्हणतो ते मुळात फूल नाहीच, ती रंगीत पानं आहेत, वनस्पतीशास्त्रात त्यांना छद म्हणतात. जवळ जाऊन बघा, तीन छद एकत्र असतात आणि आत काडीसारखी बारीक, नळीच्या आकाराची, पांढरट पिवळसर तीन खरी फुलं, प्रत्येक फूल आपापल्या छदाच्या मधल्या शिरेला चिकटलेलं. बहर इतके दिवस टिकतो त्याचं कारण हेच, खरी फुलं सुकून जातात पण छद कागदासारखे पातळ आणि कोरडे असल्यामुळे बरेच आठवडे झाडावर राहतात. रंगाचंही एक वेगळंच आहे. जास्वंदीचा लाल रंग अँथोसायनिनमुळे येतो, बोगनवेलीचा गुलाबी जांभळा मात्र बीटालेन नावाच्या रंगद्रव्यांमुळे, बीटाच्या कंदात असतात त्याच गटातली ही. आपली गुलबक्षी हिच्याच कुळातली आहे आणि तिच्यातही तीच रंगद्रव्यं. मला ही गोष्ट फार आवडते, दिसायला इतकी वेगळी दोन झाडं आणि नातं इतकं जवळचं.

मूळ दक्षिण अमेरिकेतलं, ब्राझील, बोलिव्हिया, पेरू, अर्जेंटिना हा सगळा पट्टा. फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल १७६६ ते १७६९ मध्ये जगप्रदक्षिणेला निघाला होता, त्याच्या ताफ्यातल्या दुसऱ्या जहाजावर कोमरसाँ नावाचा वनस्पतीशास्त्रज्ञ होता, त्याने १७६७ मध्ये रिओ दे जानेरोजवळ ही वेल नोंदवली आणि कप्तानाचं नाव तिला दिलं. कोमरसाँची मदतनीस जान बारे हीसुद्धा त्याच जहाजावर होती, बायकांना जहाजावर परवानगी नव्हती म्हणून पुरुषाच्या वेशात, आणि पृथ्वीला फेरी मारणारी पहिली ज्ञात स्त्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं. आपल्या कामाचा मुद्दा म्हणजे या वंशातल्या बऱ्याच जाती जिथून आल्या तिथे वर्षातला काही काळ कडक कोरडा जातो. पाऊस आला की वाढायचं, कोरडं पडलं की फुलायचं, ही सवय झाडात पक्की आहे आणि आपल्याला कुंडीत तीच नक्कल करायची आहे.

जाती निवडताना थोडी माहिती असू द्या. बागेत दिसणाऱ्या बहुतेक बोगनवेली तीन जातींपासून आणि त्यांच्या संकरातून आल्यात, ग्लाब्रा, स्पेक्टाबिलिस आणि पेरुव्हियाना. ग्लाब्राची पानं गुळगुळीत चमकदार, काटे बारीक, वाढ आटोक्यात, आणि वर्षात पुन्हा पुन्हा फुलते, त्यामुळे कुंडीत लावायची असेल तर मी हीच सुचवेन. स्पेक्टाबिलिसची पानं आणि कोवळ्या फांद्या लवदार, काटे मोठे आणि आकड्यासारखे, वाढ दांडगी, ही कुंपणाला किंवा मोठ्या कमानीला. ग्लाब्रा आणि पेरुव्हियानाच्या संकराला बटियाना म्हणतात, किरमिजी लाल रंगाची मिसेस बट ही त्यातलीच, १९१० च्या सुमारास कोलंबियातल्या कार्टाजेनाहून ती बाहेर गेली आणि नंतरच्या कितीतरी केशरी, लाल, सोनेरी रंगांच्या जाती तिच्यापासूनच निघाल्या. मेरी पामर म्हणून एक आहे तिच्या एकाच झाडावर पांढरे आणि गुलाबी दोन्ही छद येतात, थिम्मामध्ये तेच आणि वर पानंही पिवळी हिरवी. महारासारख्या दुहेरी जाती भरगच्च दिसतात पण त्यांचे जुने छद गळत नाहीत, वाळून फांदीवरच लटकतात, हाताने काढावे लागतात, तेवढी तयारी असेल तरच घ्या. रंग बघून झाड घेताना अजून एक, काही केशरी जाती उमलताना केशरी असतात आणि जुन्या होताना गुलाबी होतात, तेव्हा घरी आणल्यावर रंग बदलला म्हणून घाबरू नका.

आता ऊन. इथे तडजोड नाही. रोज किमान ६ तास थेट ऊन, जास्त मिळालं तर उत्तमच. खोलीत उजेड भरपूर आहे, खिडकीतून कवडसा येतो, असल्याने भागत नाही. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बोगनवेलीचा काटा आणि फुलांचा घोस दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात, पानाच्या बेचक्यातून. ऊन भरपूर असेल, झाडात साखर साठलेली असेल तर तिथे घोस येतो, आणि सावलीत तोच कोंब काटा होऊन बसतो. म्हणजे तुमच्या झाडावर लांब फांद्या, मोठी पानं, दोन पानांमध्ये भरपूर अंतर आणि प्रत्येक बेचक्यात काटा असं दिसत असेल तर झाड सरळ सांगतंय की ऊन पुरत नाहीये, खत बदलून काही होणार नाही, जागा बदला. दिवसाच्या लांबीचाही परिणाम होतो, दिवस लहान आणि रात्री मोठ्या असताना फुलं जास्त धरतात, विषुववृत्ताजवळ मात्र वर्षभर थोडी थोडी येतच राहतात.

कुंडीबद्दल. मोठी कुंडी घेतली की झाड खूश राहील असं वाटतं, बोगनवेलीच्या बाबतीत उलटं होतं. मोठ्या कुंडीत माती जास्त, ती दिवसेंदिवस ओली राहते, मुळं बारीक आणि नाजूक असतात ती कुजतात, आणि जगली तरी झाड फक्त पाला वाढवतं. त्यामुळे मुळांच्या गोळ्यापेक्षा जेमतेम २ ते ३ इंच मोठी कुंडी पुरे, मातीची असेल तर जास्त चांगली कारण ती लवकर सुकते, आणि खाली भोकं हवीतच. कुंडीखालची ताटली असेल तर पाणी साठू देऊ नका. मिश्रण असं करा की पाणी टाकल्याबरोबर खाली निघालं पाहिजे, साधारण दोन भाग बागेतली माती, एक भाग जाड रेती किंवा परलाइट (मिश्रण मोकळं ठेवणारे हलके पांढरे खडे), एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. कोकोपीट थोडं चालेल, पण नुसत्या कोकोपीटमध्ये लावू नका, ते पाणी धरून बसतं. किंचित आम्लधर्मी माती तिला आवडते, चुनखडी जास्त असेल तर नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसायला लागतं, तेव्हा लोह असलेलं सूक्ष्म अन्नद्रव्य द्यावं लागतं.

लावताना एका गोष्टीची प्रचंड काळजी घ्या, मुळं. बोगनवेलीची मुळं मातीला घट्ट धरून ठेवत नाहीत, पिशवी झटकन ओढून काढली की गोळा फुटतो, बारीक मुळं तुटतात आणि चांगलं वाढलेलं झाड चार दिवसात माना टाकतं. पिशवी असेल तर ब्लेडने बाजूने कापा आणि गोळा तसाच्या तसा उचलून ठेवा, बाकीच्या झाडांची मुळं मोकळी करतो तसं इथे करायचं नाही. लावल्यावर एकदा भरपूर पाणी आणि नंतर हात आवरा. जमिनीत लावत असाल तर जागा अशी निवडा की पाणी साचत नाही, कुंपण करायचं असेल तर दोन झाडांत साधारण १ मीटर अंतर, आणि पहिले काही महिने मुळं खोल जाईपर्यंत नियमित पाणी द्या, नंतर मात्र जमिनीतली बोगनवेल बहुतेक वेळा पावसावरच जगते.

पाणी हा खरा खेळ आहे, त्यामुळे यावर जरा सविस्तर. रोज थोडं थोडं शिंपडणं सगळ्यात वाईट, वरची माती ओली राहते, मुळं वरच घुटमळतात आणि फुलं येत नाहीत. द्यायचं तेव्हा खालून निघेपर्यंत द्यायचं, आणि मग वरची दोन इंच माती पूर्ण कोरडी होईपर्यंत हात लावायचा नाही. बोट घालून बघा, कुंडी उचलून वजन बघा, काही दिवसांत अंदाज येतो. आता फुलं आणायची असतील तर याच्या पुढे एक पायरी आहे, आणि ज्यांचं झाड निरोगी आहे, ऊन भरपूर आहे पण तरी फुलत नाही त्यांनी हे करून बघाच. पाणी थांबवा. पानं थोडी मलूल होऊन खाली झुकेपर्यंत थांबा, मग अगदी थोडं पाणी द्या, पानं परत उभी राहतील इतकंच, आणि परत थांबा. असं दोन ते चार आठवडे चालू ठेवायचं. काही पानं पिवळी होऊन गळतील, गळू दे. फांद्यांच्या टोकाला बारीक बारीक रंगीत कळे दिसायला लागले की ताण संपवायचा आणि परत नीट भरपूर पाणी सुरू करायचं, कारण कळ्या आल्यावरही कोरडं ठेवलं तर त्या गळून पडतात. हा ताण फक्त चांगल्या वाढलेल्या झाडाला द्यायचा, नुकतं लावलेलं किंवा आजारी झाड असेल तर नाही. आणि मलूल म्हणजे मलूल, पानं कुरकुरीत वाळेपर्यंत नाही हां. एक बहर साधारण ४ ते ६ आठवडे चालतो, मग झाड परत पानांवर येतं, मग परत छाटणी, परत वाढ, परत ताण, असं चक्र वर्षातून दोन तीन वेळा सहज बसवता येतं.

पावसाच्या दिवसांत कोरडं ठेवणं आपल्या हातात नसतं, तेव्हा कुंड्या पागोळ्यांखाली ठेवू नका आणि भोकं बुजली नाहीत ना ते बघत राहा. त्या काळात फुलं कमी आली तरी चालेल, वाढीचा हंगाम आहे तो, वाढू द्या.

खताचं थोडक्यात सांगतो. नत्र जास्त म्हणजे पाला जास्त, त्यामुळे युरिया वगैरेचा विचार सोडा, वाढीच्या काळात महिन्यातून एकदा संतुलित खत पुरतं, आणि कळ्या धरायच्या आधी पालाश थोडं जास्त असलेलं. शेणखत, गांडूळखत वर्षातून दोनदा मूठ दोन मुठी. ताण चालू असताना कोरड्या मातीत खत अजिबात टाकायचं नाही, मुळं भाजतात, आधी पाणी मग खत.

छाटणीला लोक घाबरतात, इतकी वाढलेली फांदी कापायची जिवावर येते, पण बोगनवेल नवीन फुटव्यावरच फुलते. जुनी लांब फांदी तशीच ठेवली तर फुलं फक्त तिच्या टोकाला येतात आणि मधला सगळा भाग उघडा बोडका दिसतो. बहर संपला, छद फिके पडले की लगेच छाटा, फुललेल्या फांद्या साधारण एक तृतीयांश कमी करा, एका बेचक्याच्या किंवा डोळ्याच्या, म्हणजे फुटवा निघतो त्या जागेच्या, थोडं वर तिरका काप. प्रत्येक कापाच्या खालून दोन तीन फुटवे निघतात, ते बोटभर लांब झाले की शेंडे खुडा, परत त्यांना फुटवे येतात, आणि जितके शेंडे तितके घोस. पण शेंडे खुडणं वेळेवर थांबवा, ताण द्यायला सुरुवात केली की कात्री बाजूला ठेवायची, नाहीतर येऊ घातलेल्या कळ्याच आपण कापून टाकतो. बुंध्यातून एकदम जाड, सरळ, मोठ्या काट्यांचे लांब फोक वर येतात, ते फुलत नाहीत आणि सगळी ताकद ओढून घेतात, मोकळी जागा भरायला नको असतील तर मुळापासून काढा. हातमोजे जाड घाला, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि डोळे सांभाळा, काटा लागला की जखम बराच वेळ चुरचुरते, काहींना पुरळही उठतं. कापलेल्या फांद्या वाटेवर टाकू नका, वाळलेले काटे चपलेतून आत शिरतात.

आकार कसा द्यायचा ते तुमच्या जागेवर आहे. भिंतीवर चढवायची असेल तर तार किंवा जाळी भिंतीपासून बोटभर पुढे लावा, हवा खेळती राहते, आणि फांद्या आडव्या किंवा तिरक्या बांधा. उभी फांदी फक्त शेंड्याला फुटते, तीच आडवी वाकवून बांधली की तिच्या प्रत्येक डोळ्यातून फुटवा निघतो, या एका युक्तीने झाडाचं रूप पालटतं. बांधायला मऊ सुतळी किंवा कापडाची पट्टी घ्या आणि गाठ सैल ठेवा, फांदी जाड होते तशी तार आत रुतते. छोटं झाड करायचं असेल तर एकच सरळ फांदी ठेवा, काठीचा आधार द्या, हव्या त्या उंचीवर शेंडा मारा आणि खालचे सगळे फुटवे काढत राहा, वरचा डोलारा आपोआप गोल होत जातो. बोन्सायसाठीही ही फार गुणी आहे, खोड लवकर जाड होतं आणि छाटणी कितीही सोसते.

नवीन रोपं करायची तर बियांच्या मागे लागू नका, बऱ्याच संकरित जाती बी धरतच नाहीत. फांदीपासूनच करा. पेन्सिलीएवढी जाड, अर्धवट पिकलेली फांदी, म्हणजे अगदी कोवळी हिरवी नको आणि जुनी लाकडासारखीही नको, १५ ते २० सेंटीमीटरचा तुकडा, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली. पानं काढून टाका, खालच्या टोकाला रूटिंग हॉर्मोन, म्हणजे मुळं फुटायला मदत करणारं औषध, लावा, हे लावल्याने यशाचं प्रमाण खरंच वाढतं. रेती आणि कोकोपीट निम्मं निम्मं, त्यात दोन डोळे आत जातील असं खोचा, सावलीत पण उजेडात ठेवा, वर प्लास्टिकची पिशवी घातली तर ओलावा टिकतो. आता महत्त्वाचं, काडीला पानं फुटली म्हणजे मुळं आली असं नाही. काडीतल्या साठ्यावरच ती आधी फुटते, आणि बघू जरा म्हणून उपटून पाहिलं की आलेली बारीक मुळंही तुटतात. दीड दोन महिने हातच लावू नका, भोकातून मुळं दिसली की मग हलवा. दुहेरी आणि रंगीत पानांच्या जाती काडीने रुसतात, त्यांना गुटी कलम करा, फांदीची साल २ ते ३ सेंटीमीटर गोल काढायची, हॉर्मोन लावायचं, ओलं मॉस (शेवाळ) बांधून वर प्लास्टिक गुंडाळायचं, मुळं भरली की खालून कापून लावायचं.

कीड फारशी नसते. कोवळ्या शेंड्यावर मावा येतो, पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन निघतो. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण बेचक्यात दिसला तर कापसाच्या बोळ्याने पुसा आणि कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने परत एकदा. पानांच्या कडा कुरतडलेल्या आहेत आणि दिवसा काहीच दिसत नाही तर अळी आहे, ती रात्री खाते, टॉर्च घेऊन पानामागे बघा आणि वेचून काढा. खालची पानं पिवळी होऊन गळतायत आणि माती ओली आहे तर कीड शोधत बसू नका, पाणी बंद करा आणि निचरा बघा, मुळं कुजायला लागलीयत.

कडक थंडी पडते तिथे मात्र जपावं लागतं. गारवा वाढला की वाढ मंदावते, पानं गळतात, आणि दव गोठायला लागलं तर कोवळ्या फांद्या काळ्या पडतात. कुंडी त्याआधी आत, सगळ्यात उजेडाच्या खिडकीशी आणा, पाणी अगदी कमी करा, खत बंद. सगळी पानं गेली म्हणून फेकून देऊ नका, नखाने साल थोडी खरवडून बघा, आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे, ऊब आली की फुटतं.

आणि कुठे जुनी, वर्षानुवर्षं दुर्लक्षित, नुसतं काट्यांचं जाळं झालेली बोगनवेल असेल तर ती काढून टाकायच्या आधी एक संधी द्या. थंडी संपून वाढ सुरू व्हायच्या तोंडावर मेलेल्या फांद्या सगळ्या काढा, उरलेल्यातल्या चांगल्या चार पाच जाड फांद्या ठेवून त्या गुडघ्याएवढ्या उंचीवर कापा, एकदा शेणखत आणि पाणी द्या, आणि फुटवे यायला लागले की हवे तेवढेच ठेवून बाकीचे काढा. पहिल्या हंगामात फुलांची अपेक्षा करू नका, सांगाडा तयार होऊ दे, पुढच्या कोरड्या हंगामात ताण द्या.